जुन्या गाड्यांच्या गोष्टी – भाग 9 : जखमा राखलेली कोब्रा

चासी क्रमांकावरून गाडीची ओळख कशी पटते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज एकाच क्रमांकाच्या मागे जाऊ : सीएसएक्स 2287. ही शेल्बी कोब्रा डेटोना कूपे. अशा गाड्या सहाच बनल्या आणि त्यातली ही पहिली.

1963 साली कॅरोल शेल्बीच्या उघड्या कोब्रा अमेरिकेत शर्यती जिंकत होत्या. पण फ्रान्समधल्या ल मांच्या लांबलचक सरळ रस्त्यावर फेरारी 250 जीटीओपुढे त्यांचा निभाव लागेना. फोर्डच्या 4.7 लिटर व्ही-8 इंजिनात ताकद भरपूर होती, आडवी येत होती ती हवा. शेल्बीकडे काम करणाऱ्या, जेमतेम सत्ताविशीतल्या पीटर ब्रॉकनं त्याच चासीसाठी बंद छपराची बॉडी आखली. पाठ उतरती, आणि मागची बाजू एकदम कापून टाकल्यासारखी. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या संशोधनाचा त्याला आधार होता. कारखान्यात अनेकांना हे ध्यान पटलं नव्हतं. शेल्बीचा चालक केन माइल्सनं गाडी रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर पळवली आणि कुरबुर थांबली.

2287 ची बॉडी कॅलिफोर्नियात घडली. पुढच्या पाच गाड्यांच्या बॉड्या इटलीत मोडेनाला झाल्या, म्हणजे थेट फेरारीच्या अंगणात!

फेब्रुवारी 1964 मध्ये डेटोनाच्या शर्यतीत आपल्या गटात आघाडीवर असताना पिटमध्ये 2287 नं पेट घेतला. मार्चमध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत बॉब होल्बर्ट आणि डेव्ह मॅकडोनाल्ड यांनी तिला जीटी गटात पहिली आणली. जूनमध्ये ल मांला बाहेरची बॅटरी लावून इंजिन सुरू केलं म्हणून ती बाद झाली. तिथे गटाचा विजय तिच्या धाकट्या बहिणीनं, 2299 नं मिळवला. 1965 च्या जुलैत जीटी गटाचं निर्मात्यांचं जागतिक विजेतेपद फेरारीकडून शेल्बीकडे आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगविक्रमवीर क्रेग ब्रीडलव्हच्या चमूनं 2287 वर वीसहून अधिक वेगविक्रम केले.

आणि मग तिची किंमत संपली. जुन्या शर्यतीच्या गाडीला तेव्हा कोणी विचारत नसे. खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या एका उद्योजकानं ती घेतली. त्याच्याकडून ती प्रसिद्ध संगीत निर्माता फिल स्पेक्टरकडे गेली. आत भट्टीसारखी तापणारी, कान बधिर करणारी गाडी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर रोज वापरण्याजोगी नव्हतीच. स्पेक्टरच्या अंगरक्षकाला ती हजार डॉलरला मिळाली आणि त्याच्याकडून त्याच्या मुलीकडे आली.

या बाईंनी ती गाडी भाड्याच्या गोदामात ठेवली आणि वर्षानुवर्षं कोणाला दाखवलीही नाही. जाणकारांची पत्रं आली, मोठमोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या, खुद्द शेल्बीनंही विचारणा केली. त्या बधल्या नाहीत. ऑक्टोबर 2000 मध्ये त्यांचा दुःखद मृत्यू झाला. मग त्यांच्या आईनं गाडी विकली; ती विक्री खरी की गाडी आपल्याला दिली होती म्हणणाऱ्या त्यांच्या परिचिताचा दावा खरा, यावर कोर्टकज्जे झाले. अखेर 2287 फिलाडेल्फियाचे न्यूरोसर्जन डॉ. फ्रेडरिक सिमिओन यांच्याकडे राहिली.

तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय इथे झाला असं मी मानतो. अशी गाडी हाती आली की बहुतेक मालक एकच करतात. ती पूर्ण उघडायची, पत्रा घासून उघडा करायचा, नवा रंग द्यायचा, आणि कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहूनही चकचकीत करून प्रदर्शनात उभी करायची. सिमिओन यांनी ते टाळलं. यांत्रिक भाग चालते केले, पण रंगाचे टवके, पोचे, शर्यतींच्या खुणा राहू दिल्या. एखाद्या हेमाडपंती देवळाच्या दगडाला भक्तिभावानं ऑइलपेंट फासावा, तसंच पुष्कळ रिस्टोरेशनचं होतं : हेतू चांगला, पण छिन्नीचा घाव कायमचा झाकला जातो. 2287 वरचा प्रत्येक ठोका हा पुरावा आहे. पत्रा कुठे घाईनं जोडला, छिद्र कुठे नंतर पाडलं, हे आज अभ्यासकाला दिसतं. एकदा सँडपेपर फिरला की ते परत आणता येत नाही. गोदामातल्या त्या बंद वर्षांनी नकळत हेच वाचवलं, म्हणून त्या बाईंना नुसतं विक्षिप्त ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक अभियांत्रिकी वारशाच्या सरकारी दप्तरात या गाडीची नोंद झाली. पूल, गिरण्या, धरणं यांच्या त्या यादीत मोटारगाडीची अशी नोंद पहिल्यांदाच होत होती. तिची रेखाचित्रं आणि छायाचित्रं आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपली आहेत. सिमिओन 2022 मध्ये वारले. गाडी त्यांच्या फिलाडेल्फियातल्या संग्रहालयात आहे.

तुमच्या घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी, जावा किंवा लँब्रेटा उभी असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी एवढं करा. सर्व बाजूंनी फोटो काढा, चासी आणि इंजिनाचे क्रमांक लिहून ठेवा, आरसी बुक आणि जुनी बिलं एका पाकिटात घाला, आणि काढलेला एकही मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नका.