खाऱ्या वाऱ्यातली दुनळी

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बोंबील वाळवणारा वारा लोखंडाला सोसत नाही. समुद्रावरून येताना तो मिठाचे बारीक कण आणतो. ते पोलादावर बसतात, हवेतली ओल धरून ठेवतात आणि मग गंज वरवर पसरण्याऐवजी एकेका ठिपक्यात खोल उतरत जातो. खिडक्यांचे गज, होड्यांची इंजिनं, गाड्यांचे पत्रे, कुणीच त्यातून सुटत नाही. अशा ठिकाणी शंभरी ओलांडलेली, वापरून झिजलेली दुनळी बंदूक सेकंडहँड घेऊन जपायची, तर आधी तिची नीट ओळख करून घ्यावी लागते.

माझ्याकडे आलेली दुनळी बारा बोरची, बाहेरच्या घोड्यांची. बोर मोजण्याची रीत जुनी आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यातून नेमकी जाईल ती नळी बारा बोरची. व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. नळ्यांवर कारखान्याचं नाव नाही. पण नळ्या उतरवून खालची बाजू पाहिली की जन्मदाखला सापडतो: लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही अक्षरं आणि वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या परीक्षागृहाचा शिक्का. तिथे १६७२ पासून नळ्यांची सक्तीची चाचणी होत आली आहे. जास्तीची दारू भरून बार काढायचा आणि नळी टिकली तरच शिक्का मारायचा. मुकुट १८९३ मध्ये आला, म्हणजे ही बंदूक त्यानंतरची. इंग्लंडमध्ये हेच काम लंडन आणि बर्मिंगहॅमची परीक्षागृहं करतात. जुनी बंदूक घेणाऱ्यानं नक्षीकाम पाहण्याआधी हे शिक्के वाचावेत, असं माझं ठाम मत आहे.

नळ्या डमॅस्कसच्या आहेत. लोखंडाच्या आणि पोलादाच्या सळया एकत्र तापवून कोळी दोर वळतात तशा पिळायच्या, मग ती पट्टी गजाभोवती गुंडाळून ठोकत ठोकत सांधायची. लिएजजवळ व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पुढे अखंड पोलादाच्या नळ्या स्वस्त आणि भरवशाच्या झाल्या, आणि पहिल्या महायुद्धानं ही कारागिरी जवळजवळ संपवली. आज तशी नळी नव्यानं घडवून घेणं म्हणजे फार दुर्मीळ गोष्ट. म्हणूनच या नळीवर पॉलिश पेपर घासणाऱ्याचा मला राग येतो.

झिजलेल्या दुनळीत पहिली परीक्षा बिजागरीची. नळ्यांखालचं लाकूड काढायचं, बंदूक मिटायची, हलवून बघायची आणि उजेडासमोर धरायची. नळ्यांची मागची कडा आणि तिच्यामागची पोलादी भिंत यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली, तर बिजागरीची खीळ किंवा तिच्यावर बसणारा आकडा झिजला आहे. यावर नवी, किंचित जाड खीळ बसवणं किंवा आकड्यावर धातू चढवून तो पुन्हा कानशीनं जुळवणं हा खरा इलाज. खोटा इलाज म्हणजे आकड्यावर हातोडी मारून धातू फुगवणं. त्यानं बंदूक विकली जाईपर्यंत घट्ट राहते. आधी कुणी तरी असं केलेलं असलं की ठोकल्याच्या खुणा दिसतात, आणि पेचांची फाटलेली डोकी त्याला दुजोरा देतात. जुन्या पेचांच्या खाचा फार अरुंद असतात. त्यांच्यासाठी पेचकस घासून मापाचा करावा लागतो.

दुसरी परीक्षा कानाची. नळ्या सुट्या करून दोरीनं टांगायच्या आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत नाद उमटला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचा डाख शाबूत आहे. आवाज बद्द आला तर पट्टी कुठे तरी सुटली आहे आणि तिच्याखाली, डोळ्याला न दिसणाऱ्या पोकळीत, ओल शिरली आहे. खाऱ्या हवेत याची धास्ती जास्त. माझ्या बंदुकीचा आवाज उजव्या बाजूला बद्द येतो.

लाकडाची कथा वेगळी. अक्रोडाचा दस्ता बहुतेकदा तेलानं मरतो. बंदूक वर्षानुवर्षं तोंड वर करून उभी ठेवली की यंत्रातलं तेल ओघळून दस्त्याच्या माथ्यात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. ते तेल खडूची भुकटी लावून, मंद ऊब देऊन हळूहळू ओढून काढावं लागतं. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेनं लाकडाचे तंतू पुन्हा फुगतात. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर पुढचा. पावसाळ्यात हे सुकणं फार लांबतं.

नळ्यांना रंग देण्याचं काम मात्र ओलीवरच चालतं. नळीचा तेलकटपणा पूर्ण काढायचा, गंज आणणारं द्रावण लावायचं, दमट जागी ठेवून बारीक गंज येऊ द्यायचा, तो तारेच्या ब्रशनं झाडायचा आणि पुन्हा तेच. उकळत्या पाण्यात बुडवलं की तांबूस गंजाचा काळा, टिकाऊ थर होतो. लोखंड आणि पोलाद रंग वेगवेगळा धरतात, म्हणून डमॅस्कसची पिळदार वेलबुट्टी वर येते. वर्सोव्यात ओल आयतीच मिळते, पण मीठ अजिबात चालत नाही, म्हणून हे काम बंद पेटीतच व्हायला हवं.

यातलं किती आपण करावं? कायदा स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदूक बाळगायलाच नव्हे, तर धंदा म्हणून ती दुरुस्त करायला आणि तिची चाचणी घ्यायलाही परवाना लागतो. झिजलेलं तोंड कापून नळी आखूड करणं हा तर स्वतंत्र परवान्याचा विषय. बंदूक जुनी म्हणून सूट मिळते, हा समज चुकीचा आहे. कलम ४५ मधली सूट जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्तीनंतरही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा स्थितीत असेल तरच. म्हणजे जी दुनळी सुधारता येते ती परवान्यावरच राहते. मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनं एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आली आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. शिकारीचा प्रश्नच नाही, पण कोकणात रानडुकरं आणि माकडांपासून शेती राखण्यासाठी घेतलेल्या परवान्यांवर ठासणीच्या बंदुका अजून अनेक घरांत आहेत, आणि खंडेनवमीला त्यांची पूजा होते.

राहिला बार काढण्याचा प्रश्न. या नळ्यांवर धूरविरहित दारूच्या चाचणीचा शिक्का नाही. त्या काळ्या दारूसाठी घडल्या. त्या काळच्या अनेक बंदुकांप्रमाणे हिचं चेंबर ६५ मिलिमीटरचं आहे आणि आजची बरीच काडतुसं ७० ची. असं काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. डमॅस्कस म्हणजे कमकुवत, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. धूरविरहित दारूच्या चाचणीत उतरलेल्या डमॅस्कस नळ्याही आहेत. पण आतले खड्डे आणि भिंतीची उरलेली जाडी मोजल्याशिवाय कुठलीच जुनी नळी भरवशाची नाही. म्हणून माझा निर्णय झाला आहे: हिच्यात काडतूस भरायचं नाही.

तरीही पट्टी पुन्हा डाखून घ्यायची आहे, कारण आतला गंज बार न काढताही नळी खात राहतो. परवानाधारक कारागिरानं पावसाळा सरल्यावर नळ्या आणायला सांगितलं आहे. तोवर बंदूक चामड्याच्या पेटीबाहेर, कारण चामडं ओल धरतं, हलक्या तेलाचा हात देऊन, तोंड खाली करून कुलपात आहे.