सर्पाचा प्रश्न आणि हव्वेचे उत्तर

लेखमाला : आरंभीच्या गोष्टी – लेखांक ४
(वाचन : उत्पत्ती, अध्याय ३)

गेल्या आठवड्यात आपण एदेन बागेपर्यंत आलो होतो. देवाने माणसाला बाग राखायला दिली, तिथल्या झाडांची फळे खायची मोकळीक दिली आणि बऱ्यावाइटाच्या ज्ञानाच्या एका झाडाची तेवढी मनाई केली. आज पुढचा, तिसरा अध्याय. त्यात अवघी २४ वचने आहेत. पण ख्रिस्ती समाजात स्त्रीबद्दल जे कठोर बोलले गेले, त्यातले पुष्कळसे याच २४ वचनांच्या आधाराने बोलले गेले. इ. स. २००च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुल्यनाने स्त्रियांना उद्देशून लिहिताना प्रत्येकीला हव्वेची वारस ठरवले आणि सैतान जगात शिरला तो तिच्या दारातून, असा ठपका ठेवला. हा ठपका कित्येक घरांत अजून ऐकू येतो. म्हणून आज मूळ मजकूर सावकाश वाचू.

आधी मजकुरात काय नाही ते पाहू. सफरचंद नाही, कारण फळाचे नावच दिलेले नाही. सैतान हे नावही या अध्यायात येत नाही. तो सर्प म्हणजेच सैतान, ही ओळख प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात पटते. आणि हव्वेने नवऱ्याला भुरळ घातली, त्याची मनधरणी केली, असे कुठेही लिहिलेले नाही. सहावे वचन एवढेच सांगते, की तिने फळ खाल्ले, आपल्याबरोबर असलेल्या नवऱ्याला दिले आणि त्यानेही खाल्ले. आदाम तिच्याबरोबर होता, असे मजकूर म्हणतो. पण सबंध संभाषणात त्याच्या तोंडी एक शब्दही नाही.

आता सर्पाचे बोलणे ऐका. या अध्यायात तो एकदाही ‘खा’ म्हणत नाही. तो विचारतो, की बागेतल्या कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नका असे देवाने खरेच सांगितले आहे का. देवाने भरभरून दिले होते आणि एकच झाड राखून ठेवले होते. सर्पाच्या प्रश्नात दिलेले सगळे पुसले जाते आणि मनाई तेवढी उरते. मोहाची सुरुवात नेहमी अशीच होते. मिळालेल्या शंभर गोष्टींवरून नजर हटते आणि न मिळालेल्या एकीवर खिळते.

हव्वा त्याची चूक दुरुस्त करते. बागेतली फळे आम्ही खातो, मनाई त्या एकाच झाडाची आहे, असे ती सांगते. पण त्याला स्पर्शही करायचा नाही, ही मूळ आज्ञेत नसलेली अट तिच्या उत्तरात येते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दुसऱ्या अध्यायाच्या क्रमाने पाहिले, तर देवाने आज्ञा दिली तेव्हा ती निर्माणच झालेली नव्हती. प्राचीन ज्यू आचार्यांच्या एका परंपरेत म्हटले आहे, की आदामाने मूळ आज्ञेभोवती स्वतःचे एक कुंपण घातले आणि ती तशी हव्वेला सांगितली. सर्पाने त्या कुंपणातच फट शोधली. ही परंपरा शास्त्रवचन नाही, पण तिच्यातला इशारा मोलाचा आहे. देवाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून, वाढवून-चढवून कानावर आला, की देव जितका आहे त्याहून कडक वाटू लागतो.

मग सर्प मुख्य घाव घालतो. तुम्ही मरणार नाही. तुमचे डोळे उघडतील आणि तुम्ही देवासारखे व्हाल, हे देवाला माहीत आहे, असे तो सांगतो. याचा मथितार्थ असा, की देव तुमच्यापासून काहीतरी चांगले लपवतो आहे. सगळ्या अध्यायाचा गाभा इथे आहे. देव चांगला आहे, हा विश्वास इथे ढळतो. फळ तोडणारा हात नंतर पुढे होतो. शिवाय सर्प जे देऊ करतो, ते तिच्याकडे आधीच आहे. पहिल्याच अध्यायात देवाने नर आणि नारी दोघांनाही आपल्या प्रतिरूपात घडवले आहे. देवाशी तिचे साम्य ही तिची उपजत मिळकत होती. ती जणू तिच्याकडे नाहीच, असे सर्पाने तिला भासवले.

ते झाड तिला खायला चांगले, डोळ्यांना सुंदर आणि शहाणपण देणारे वाटले. यातली एकही इच्छा मुळात वाईट नाही. झाडे देखणी आणि फळे खाण्याजोगी देवानेच केली होती. बरे काय नि वाईट काय, हे देवाला न विचारता आपणच ठरवायचे, हा तिचा अपराध. आठव्या वचनात परमेश्वर बागेत फिरतो आहे. म्हणजे जाऊन विचारण्याइतका तो जवळ होता, पण दोघांपैकी कोणीही विचारले नाही.

पुढे देव जाब विचारतो, तेव्हा आदाम बायकोकडे बोट दाखवतो आणि ती देणाऱ्या देवाकडेही. हव्वा सर्पाकडे बोट दाखवते. निवाड्यात शाप हा शब्द सर्पाला आणि जमिनीला उद्देशून येतो. स्त्री-पुरुषांना वेदना आणि कष्ट सांगितले जातात. नवरा तुझ्यावर सत्ता चालवील, हे वचन पापाच्या परिणामांच्या यादीत आहे, हे विसरू नये. सृष्टीवर सत्ता चालवण्याचा आशीर्वाद पहिल्या अध्यायात दोघांना मिळून दिला होता. बिघाडाचे वर्णन म्हणजे देवाची इच्छा, असे मानून स्त्रीला दाबणे हा शास्त्राचा गैरवापर आहे. काटेकुसळेही त्याच यादीत आहेत, पण शेतातले तण काढणाऱ्याला कोणी पापी म्हणत नाही. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा प्रसूतीच्या वेदना देवानेच नेमलेल्या आहेत, या आक्षेपाला त्यांनी पुस्तिका लिहून उत्तर दिले. त्यात त्यांनी या अध्यायाबरोबरच आदामाला गाढ झोप आणून देवाने त्याची फासळी काढल्याचाही दाखला दिला.

प्रेषित पौल तीमथ्याला लिहिताना स्त्री फसली असे म्हणतो, हे खरे. पण तोच पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५व्या अध्यायात पाप जगात आले ते आदामामुळे, असे सांगतो. दोन्ही पत्रे एकत्र वाचली, की एकट्या स्त्रीजातीवर ठपका ठेवायला जागा उरत नाही.

आणि देवाने हव्वेला टाकले नाही. तिची संतती सर्पाचे डोके ठेचील, हे वचन याच अध्यायात आहे. ख्रिस्ती मंडळी त्यात तारणाऱ्याची पहिली चाहूल ओळखते. देव त्या दोघांना कातड्याची वस्त्रे करून घालतो. बागेबाहेर पहिला मुलगा होतो, तेव्हा परमेश्वराच्या साहाय्याने तो झाला, असे हव्वाच म्हणते. एकदा विश्वास तुटलेली ही स्त्री पुन्हा देवाचे नाव घेते, याकडे आपले प्रवचनकार फार क्वचित वळतात. दुसऱ्या शतकात इरेनियसाने लिहिले, की हव्वेच्या अवज्ञेने बसलेली गाठ मरियेच्या आज्ञापालनाने सुटली. आणि मरियेचा पुत्र भरल्या बागेत नव्हे, तर ओसाड रानात, चाळीस दिवसांच्या उपवासानंतर मोहाला सामोरा गेला. त्याची तिन्ही उत्तरे अनुवादाच्या पुस्तकातली आहेत. शास्त्र त्याला नीट ठाऊक होते, आणि देणाऱ्या पित्यावर त्याचा भरवसा होता.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी हे मर्म ओळखले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनाथ मुली, विधवा आणि टाकलेल्या बायकांमध्ये राहून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले. मिशनच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी त्याची छपाई केली. रमाबाई १९२२ साली वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. देवाने काय सांगितले आहे हे स्त्रीला दुसऱ्याकडून ऐकावे लागू नये, यासाठी इतका मोठा खटाटोप मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

वाचकहो, या आठवड्यात हा अध्याय घरात मोठ्याने वाचा, आणि वाचायला घरातल्या मुलीला सांगा. हव्वेचे नाव घेऊन तिला कोणी कमी लेखत असेल, तर त्याला पहिल्या अध्यायाचे २७वे वचन दाखवा. आणि मनात सर्पाचा तो प्रश्न उठेल तेव्हा आज्ञा देणारा देव कसा आहे ते आधी आठवा. न विचारता हात पुढे करू नका.

(पुढील लेखांक : काईन आणि हाबेल)