मधुमेह, हृदयविकार आणि शरीरातील पहारेकरी

मधुमेह साखरेचा आणि हृदयविकार चरबीचा, ही लोकांच्या मनात पक्की बसलेली विभागणी अपुरी आहे. दोन्ही आजारांत रोगप्रतिकारक पेशींचे, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींचे व त्यांच्यापासून तयार होणाऱ्या भक्षक पेशींचे, काम बिघडलेले आढळते. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात हे समजून घेणे अधिक गरजेचे आहे, कारण सडपातळ माणसाला हे आजार होत नाहीत, हा समज अजून टिकून आहे.

मेदपेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्यांतील काही मरतात आणि त्या साफ करण्यासाठी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी एकेका मृत पेशीभोवती कडे करून बसतात. चरबीत जमणारी ही गर्दी २००३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिली. या पेशी जी दाहकारक रसायने सोडतात ती इन्सुलिनचा संदेश स्नायू आणि यकृतापर्यंत नीट पोहोचू देत नाहीत, आणि साखर रक्तातच साचते. (बहुधा लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मात्र टी-पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट करतात.)

अशी चरबी सडपातळ दिसणाऱ्या शरीरातही लपलेली असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना मांडली: उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. याच दोघांच्या सहभागाने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहरी भारतीयांच्या रक्तात दाहकारक रसायने ग्रामीण भारतीयांपेक्षा बरीच जास्त आढळली होती. म्हणजे खेड्याला मिळालेले संरक्षण जन्मजात नव्हे; कापणी हार्वेस्टरने आणि येणे-जाणे मोटारसायकलने होऊ लागले, तर ते टिकेलच असे नाही.

हृदयाच्या धमनीतही भक्षक पेशींचा असाच प्रकार घडतो. भिंतीत शिरलेले कोलेस्टेरॉल गिळून मॅक्रोफेज फेसाळ होतात, त्यांचा थर वाढतो, त्यांच्याच स्रावांनी थरावरचे आवरण झिजते आणि ते फाटले की तेथे रक्ताची गुठळी होऊन झटका येतो. २०१७ च्या 'कॅन्टोस' चाचणीत, झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांत, कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह रोखणाऱ्या औषधाने हृदयविकार, पक्षाघात व त्यांतील मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटले, मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. पहारेकऱ्यांना सरसकट झोपवणे परवडत नाही, हेच त्यातून दिसले. पुढे कोल्चिसिन हे जुने, स्वस्त औषधही अल्प मात्रेत काही चाचण्यांत उपयोगी ठरले. पावसाळ्यात रानात फुलणाऱ्या कळलावीतही ते असते, पण तिचा कंद जीवघेणा विषारी असल्याने तो कोणीही औषध म्हणून घेऊ नये.

चरबीत आणि धमनीत विनाकारण पेटणारे हे सैन्य खऱ्या शत्रूपुढे मात्र मंदावते. साखर सतत वाढलेली असली की जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी जखमेपर्यंत उशिरा पोहोचतात आणि तेथेही दुबळ्या पडतात. त्यातच पायाची संवेदना गेलेली असेल तर रोवणीच्या चिखलात रुतलेला काटा कळतही नाही. म्हणून मधुमेह असलेल्या शेतकऱ्याने आणि मजूर स्त्रीने बांधीत अनवाणी उतरू नये, रोज संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांसह तळवे उजेडात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत, आणि लहानशी जखम दिसली तरी त्याच दिवशी जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.