आधी जॉब, मग लेथ

तारापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं, आणि बोईसर म्हटलं की रसायनांचा वास. या दोन ओळखींच्या आडोशाला तिसरा एक उद्योग आहे. बोईसरच्या एमआयडीसीत आणि पालघरच्या औद्योगिक वसाहतींत छोटे छोटे गाळे आहेत, त्यांत दोन-चार लेथ आहेत, आणि त्यांवरून बोटाच्या पेराएवढे सुटे भाग उतरतात: व्हॉल्व्हचे स्पिंडल, पिना, फेरूल, नोझल, पितळी इन्सर्ट. असा गाळेवाला नवा सीएनसी लेथ घ्यायला निघाला की त्याच्या पुढ्यात कॅटलॉग येतात, आणि प्रत्येक कॅटलॉगात कमीत कमी मायक्रॉनचा दावा असतो. माझं म्हणणं असं की मायक्रॉनच्या आकड्यापासून सुरू केलेली निवड बहुधा चुकते. ती जॉबच्या लांबी-जाडीपासून, हातात येणाऱ्या बारपासून आणि गाळ्यातल्या उकाड्यापासून सुरू करावी. तशी केली तर इथल्या बऱ्याच गाळ्यांना सगळ्यांत महागड्या यंत्राची गरजच नाही, असं निघेल.

कॅटलॉगातला ‘रिपीटेबिलिटी’चा आकडा खोटा नसतो. पण तो यंत्र तापून स्थिर झाल्यावर, ठरावीक चाचणीत, बहुतेक वेळा धातू न कापता घेतलेला असतो. गाळ्यातला दिवस तसा नसतो. लेथच्या आडव्या अक्षाचा बॉलस्क्रू पोलादाचा. पोलाद मीटरला अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. स्क्रू एकाच टोकाला पक्का असेल, कामाची लांबी १५० मिलीमीटर धरली आणि सकाळपासून दुपारपर्यंत तो ५ अंशांनी तापला, तर टूल साडेआठ मायक्रॉन सरकतं. व्यासावर ते दुप्पट होतं, म्हणजे १७. आता १२ मिलीमीटरच्या पिनेला एच-७ टॉलरन्स असेल तर ड्रॉइंगवरची एकूण मुभा १८ मायक्रॉनची. कॅटलॉगात २ लिहिलंय की ३, हा वाद इथे फोल ठरतो. एका दुपारने जवळजवळ सगळी मुभा खाल्लेली असते. स्क्रूला प्रीटेन्शन दिलंय का, त्याच्या तापण्याची भरपाई कंट्रोलर करतो का, बेड किती जड आहे, हे प्रश्न म्हणून आधी विचारायचे. एसीचं काय, असं कुणी विचारेल. रात्री बंद आणि सकाळी चालू होणाऱ्या एसीपेक्षा पत्र्याखाली घातलेलं जाड सिलिंग आणि दिवसभर न बदलणारी उष्णता जास्त कामाची. मोजणीचं गेज आणि जॉब दोन्ही ३४ अंशांवर असतील तर २० मिलीमीटरच्या पितळी भागात फरक पडतो तो दोनेक मायक्रॉनचा. यंत्राच्या मानाने तो किरकोळ आहे.

खरा फाटा फुटतो तो फिक्स्ड हेड घ्यायचं की स्लायडिंग हेड, इथे. स्लायडिंग हेडची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या स्विस घड्याळांच्या धंद्यातून आली. बारीक, लांबट दांड्या कापताना टूलच्या दाबाने वाकायच्या, म्हणून टूलला जागेवर ठेवून बारच पुढे-मागे सरकवायचा आणि कापण्याच्या अगदी लगत त्याला गाइड बुशचा आधार द्यायचा. त्यामागचं गणित निर्दय आहे: वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ४ मिलीमीटर जाडीची स्टेनलेसची पिन कॉलेटबाहेर १२ मिलीमीटर काढली आणि टोकावर ५० न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलो वजनाइतका दाब आला, तर ती १२ मायक्रॉन वाकते. तीच पिन ६० मिलीमीटर बाहेर असेल तर हिशेबाने दीड मिलीमीटर. इतकी लांब पिन एका दमात फिक्स्ड हेडवर नीट होणारच नाही. तिथे स्लायडिंग हेड घ्यावं, पैशाकडे बघू नये. पण लांबी जाडीच्या तिपटीच्या आत असलेल्या जॉबला गाइड बुश काहीच देत नाही, उलट मागतो. त्याला बार घट्ट पण मोकळा लागतो. एच-९ दर्जाच्या ४ मिलीमीटर ब्राइट बारला ३० मायक्रॉनची मुभा असते आणि ती बुशमध्ये चालत नाही. बार सेंटरलेस ग्राइंड करून घ्यावा लागतो. स्टेनलेसचे बार बनवणारा विराज प्रोफाइल्ससारखा मोठा कारखाना बोईसरलाच आहे, पण बार जवळ मिळणं वेगळं आणि हव्या त्या गोलाईत, दर खेपेला तसाच मिळणं वेगळं. शिवाय गाइड बुशच्या यंत्रात प्रत्येक बारचा शेवटचा तुकडा वाया जातो. तीन मीटरच्या बारमागे २०० मिलीमीटर उरले तर जवळपास सात टक्के माल भंगारात. पितळेच्या भावात हे सात टक्के महिन्याअखेर दिसतात.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की स्लायडिंग हेड एकाच पकडीत जॉब पुरा करतं: मागची बाजू, आडवं भोक, स्लॉट, सगळं. दुसऱ्यांदा पकडायला माणूस नको, आणि दोन टोकांची समकेंद्रता आपोआप मिळते. मुद्दा खरा आहे, पण त्याचं श्रेय चुकीच्या जागी जातं. हे काम सब-स्पिंडल आणि लाइव्ह टूल करतात, आणि ते दोन्ही फिक्स्ड हेडच्या लेथवरही मिळतात. प्रश्न आपल्या वर्षभराच्या ड्रॉइंगचा आहे. दोन टोकं ०.०२ मिलीमीटरमध्ये एकमेकांशी जुळायला हवीत असे जॉब निम्म्याहून जास्त असतील तर सब-स्पिंडल घ्यावा. दहांत दोनच असतील तर ड्रिलिंग मशीन आणि एक नीट जिग यांनी भागतं. उद्या तसं काम येईल म्हणून आज हप्ते भरणं हा लहान धंद्यातला जुना रोग आहे. आणि उलट बाजूही सांगायला हवी: एकच पितळी भाग वर्षानुवर्षं लाखांनी जात असेल तर कॅमवर चालणारं जुनं ट्रॉब अजूनही स्वस्तात काढतं. सीएनसीची किंमत वसूल होते ती जॉब बदलत राहिले तर. आणि सीएनसी घ्यायचाच तर छोट्या भागांना आठ-बारा टूलच्या टरेटपेक्षा गँग टूलचा लेथ मला अधिक पटतो. टूल बदलायला टरेट फिरवावा लागत नाही, आणि पाच-सात सेकंदांच्या जॉबमध्ये एक सेकंद मोठा असतो.

दुसरा आक्षेप ग्राहकाचा. ऑडिटला आलेला माणूस यंत्राची पाटी वाचतो. जपानी नाव दिसलं की त्याचा चेहरा खुलतो. तो खुलावा, पण त्याने शेवटी मागायचा असतो सीपीकेचा, म्हणजे माल मुभेत किती सातत्याने बसतो त्याचा, आकडा, आणि तो यंत्राएवढाच सेटरवर अवलंबून असतो. बंगळुरूच्या एस डिझायनर्स, कोइमतूरच्या एलएमडब्ल्यू किंवा राजकोटच्या ज्योती सीएनसीचं यंत्र घेतानाही पाटीपेक्षा आधी विचारायचं ते हे: सर्व्हिसचा माणूस वसई-ठाण्याहून निघतो की पुण्याहून? कारण इथली हवा यंत्रांना मानवत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सगळ्यांत वरच्या जागांवर होतं. त्यात समुद्राचा खारेपणा. उन्हाळ्यात पॅनेलचं दार उघडून समोर पंखा लावायची सर्रास पद्धत आहे. तो पंखा आम्लाची वाफ आणि मीठ थेट ड्राइव्हच्या कार्डांवर फेकतो. पॅनेलचा एसी, आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर आणि वेगळं अर्थिंग हे तिन्ही कोटेशनमध्ये धरले नसतील तर ते कोटेशन अपुरं आहे.

हातांचा प्रश्न मात्र या भागात वाटतो तितका बिकट नाही. चिंचणी, वरोर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यात घरोघरी दागिन्यांचे डाय कोरले जातात. पोलादात केसाएवढी रेघ डोळ्याने धरणाऱ्या घरातला मुलगा आयटीआय करून आला तर त्याला मायक्रोमीटरचा हलका स्पर्श शिकवावा लागत नाही, प्रोग्रॅम शिकवावा लागतो. अवघड भाग त्याने घरीच पुरा केलेला असतो. त्याचा पगार आणि एक चांगलं एअर गेज यांसाठी पैसे राखून मग यंत्राचा आकडा ठरवावा.

आणि पैसे भरण्याआधी चाचणी आपल्या अटीवर घ्यावी. बार आपल्या नेहमीच्या व्यापाऱ्याचा, ड्रॉइंग आपलं, यंत्र सकाळचं थंड. दोन तास सलग चालवायचं, दर दहावा पीस क्रमांक घालून बाजूला ठेवायचा, मग जेवणाच्या सुट्टीएवढं बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि पहिले पाच पीस वेगळे काढायचे. विक्रेत्याचा माणूस मधेच ऑफसेट बदलतो म्हणेल. बदलू द्यावा, पण कितव्या पिसाला आणि किती मायक्रॉनने, ते लिहून घ्यावं. सगळे पीस निवल्यावर एकाच गेजने, एकाच माणसाने मोजायचे. तो तक्ता खरेदीच्या करारनाम्याला जोडायला विक्रेता राजी नसेल, तर तोच बार उचलून पुढच्या विक्रेत्याकडे जावं.