गिटार थांबली, तरी गुणगुण का?
बेंगळुरूने रॉक मनापासून जपला आहे. 2007 साली पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन वाजले, 2011 मध्ये मेटॅलिका. इथलाच ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बँड 1996 पासूनचा. घरी इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांना मात्र छळते ती अॅम्प्लिफायरची गुणगुण.

आपली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. सिंगल कॉइल पिकअप तारांची कंपने टिपतो, तसेच जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्रही; तेच गुणगुण बनून ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून 1955 मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी ‘हंबकर’ हा पिकअप घडवला. त्यातल्या दोन कॉइलचे वेटोळे आणि चुंबकध्रुव परस्परांच्या उलट असतात. त्यामुळे बाहेरची गुणगुण कटते, सूर मात्र दुणावतो. सुंदर युक्ती!

दुसरे कारण अर्थिंगचे. पेडल एका सॉकेटवर, अॅम्प दुसऱ्यावर, मध्ये केबल: अर्थच्या तारांचा फेरा पूर्ण होतो आणि घुमणे वाढते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत. दिव्यांचे डिमर, स्वस्त चार्जरही बंद करून पाहावेत.

अर्थची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर मुळीच ऐकू नका. अॅम्पमध्ये बिघाड झाल्यास वीज थेट गिटारच्या तारांत उतरू शकते. घरात अर्थिंगच नसेल, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.