मोटार धुताना रंग कसा सांभाळावा

मंडळी, आपल्या गावांतले कितीतरी तरुण मुंबईला, पुण्याला जातात. कुणी कारखान्यात लागतो, कुणी पहारेकरी होतो, तर कुणी मोटारी धुतो. पहाटे उठायचे, बादली आणि फडके घ्यायचे, आणि मालक कामावर जायच्या आत आठ-दहा मोटारी धुऊन मोकळे व्हायचे, असे हे काम. काम कष्टाचे आहे, प्रामाणिक आहे. त्यात कमीपणा काही नाही.

पण पुष्कळांना वाटते, "मोटार धुण्यात शिकायचं ते काय? पाणी ओतलं, फडकं मारलं, झालं!"

तसे नाही बरं का. मोटारीचा रंग फार नाजूक असतो. एक चुकीचा हात फिरला तर ओरखडा उठतो. एक पत्रा पुन्हा रंगवायचा तर हजारो रुपये लागतात. बसक्या, वेगाने पळणाऱ्या दोन माणसांच्या मोटारी असतात, त्यांना स्पोर्ट्स कार म्हणतात. त्यांच्या रंगाचा खर्च तर विचारूच नका. मालक रागावतो, पगारातून पैसे कापतो, नाहीतर कामावरून काढतो. म्हणून हे काम समजून करावे. ज्याला कारण कळते, त्याचा हात चुकत नाही.

रंग किती जाड असतो?

मोटारीचा पत्रा आपल्याला एकाच रंगाचा दिसतो. पण त्यावर एकावर एक असे थर असतात. सगळ्यांत खाली गंज येऊ नये म्हणून दिलेला थर. त्यावर अस्तर. त्यावर खरा रंग, म्हणजे लाल, निळा, पांढरा जो असेल तो. आणि सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक रोगणाचा थर. मोटार चमकते ती या रोगणामुळे. पूर्वीच्या मोटारींना बहुधा हा वरचा थर नसे. पुसताना फडक्याला रंग लागे. १९८० नंतर मात्र रोगणाचा थर देण्याची पद्धत जगभर पसरली.

आता हे सगळे थर मिळून जाडी किती? एका मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग! वहीचे एक-दीड पान होईल इतकीच. आणि वरचा रोगणाचा थर तर आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. एवढ्याशा थरावर मोटारीची सगळी शोभा उभी आहे.

शत्रू कोण?

रंगाचा शत्रू पाणी नाही, हातही नाही. शत्रू आहे धूळ.

रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळू म्हणजे गारगोटीचाच चुरा. गारगोटीने काचेवर रेघ ओढता येते, हे लहानपणी आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जी काचेला ओरखडते ती रोगणाला सोडील काय? मोटारीवर धूळ बसलेली असताना आपण कोरडे फडके मारतो. मग काय होते? फडके धूळ नुसती उचलत नाही, ती रंगावरून फरफटत नेते. पाट्यावर वरवंटा फिरवावा तसे ते कण रंगावर फिरतात.

एका दिवसात काही दिसत नाही. पण रोज असेच केले तर वर्षभरात रंगावर बारीक रेघांचे जाळे तयार होते. जुने स्टीलचे ताट उन्हात धरून बघा. सूर्याच्या चकाकीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. राखेने, घासणीने घासून त्या पडलेल्या असतात. मोटारीचेही तसेच होते. काळ्या आणि गडद रंगावर त्या रेघा जास्त उठून दिसतात.

"मग पॉलिश केलं की जातील की!" असे कुणी म्हणेल. जातात, पण कशा? रेघेच्या आजूबाजूचे रोगण घासून कमी केले जाते, तेव्हा रेघ नाहीशी होते. म्हणजे दर वेळी थर थोडा थोडा झिजतो. केसाहून पातळ थर किती वेळा घासणार? म्हणून ओरखडा काढण्यापेक्षा तो पडू न देणे हेच शहाणपण.

कामाला लागण्यापूर्वी

हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. कमरेचा पट्टा, त्याचे बक्कल, सदऱ्याची धातूची बटणे यांनीही पत्र्याला रेघ पडते. पट्टा काढा, नाहीतर वरून जाड कापडाचे एप्रन बांधा.

मोटार सावलीत असू द्या. पत्रा हाताला गरम लागत असेल तर निवू द्या. गरम पत्र्यावर साबणाचे पाणी लगेच वाळते आणि डाग धरते. त्यातून बोअरचे पाणी असले तर त्यातले क्षार मागे राहतात. घरातल्या हंड्याला आतून पांढरा थर बसतो ना, तोच हा क्षार. रंगावर बसला की निघता निघत नाही.

सामान कोणते घ्यावे? तीन बादल्या. एक साबणाच्या पाण्याची, एक साध्या पाण्याची, आणि एक फक्त चाकांसाठी. धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा मऊ फडके. पुसण्यासाठी मोठा मऊ टॉवेल. चाकांचे फडके आणि ब्रश वेगळे. हे वेगळेपण मोडू नका. पायपुसण्याने कुणी तोंड पुसते काय?

साबण मोटारीसाठी केलेलाच घ्यावा. त्याला कार शांपू म्हणतात. कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा वापरू नये. त्यांनी रंगावरचे मेण निघून जाते. भांड्यांच्या साबणवडीत घासण्यासाठी बारीक भुकटी घातलेली असते. ती तर वाळूचीच बहीण. काही लोक चमक यावी म्हणून रॉकेल किंवा डिझेल लावतात. तेही करू नये. चमक दोन दिवस दिसते, पण तेलकटपणाला धूळ चिकटते आणि दारांची रबरे खराब होतात.

शांपूच्या बाटलीवर किती पाण्याला किती घ्यायचा ते लिहिलेले असते. आता तुम्हांला वाचता येते, तर ते वाचा. मजकूर इंग्रजीत असला तर निदान अंक बघा आणि बाकीचे मालकाला विचारा. जास्त घातला म्हणून जास्त स्वच्छ होत नाही. उलट तो काढायला पाणी जास्त लागते.

धुण्याची रीत

पहिले काम चाकांचे. चाकांवर ब्रेकची काळी भुकटी बसते. तिच्यात लोखंडाचे कण असतात. चाके आधी धुतली म्हणजे उडालेली घाण नंतर अंग धुताना निघून जाते. मोटार नुकतीच पळून आली असेल तर चाकांवर एकदम गार पाणी मारू नका. आत ब्रेकची लोखंडी तबकडी तापलेली असते. एकदम गार झाली तर ती वाकडी होण्याचा धोका असतो.

दुसरे काम नुसत्या पाण्याचे. फडके लावण्याआधी सगळ्या मोटारीवर वरून खाली पाणी सोडा. जेवढी धूळ पाण्याने वाहून जाईल तेवढी हाताखाली येणार नाही. चिखल वाळला असेल तर भिजू द्या, पुन्हा पाणी मारा. नखाने खरवडू नका. जोराच्या पाण्याचे यंत्र असेल तर त्याचे तोंड हातभर लांब धरा. जवळून मारले तर सुटत आलेल्या रंगाचा पापुद्रा उडतो.

तिसरे काम साबणाचे. इथेच खरी मेख आहे. हातमोजा साबणाच्या बादलीत बुडवा. एका भागावरून हलक्या हाताने फिरवा. मग तो पुन्हा साबणात घालू नका. आधी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून पिळा, घाण तिथे सोडा, आणि मगच साबणात बुडवा. एकाच बादलीत काम केले तर काय होते? आत्ताच काढलेली वाळू आपण परत उचलतो आणि रंगावर घासतो. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जाळी ठेवली तर फारच चांगले. वाळू जाळीखाली बसते, वर येत नाही. काम झाल्यावर त्या बादलीचा तळ बघा. तिथे बसलेला गाळ हातमोज्याला लागला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको.

धुवायचे वरून खाली. आधी टप, मग काचा, मग बॉनेट आणि डिकी, मग दारे, आणि सगळ्यांत शेवटी खालचा भाग. खाली घाण जास्त असते, म्हणून ती शेवटी. हात सरळ चालवा, गोल गोल नको. जोर अजिबात लावू नका. साबणाच्या फेसावरून हातमोजा नुसता तरंगला पाहिजे. म्हशीला घासतो तसे मोटारीला घासायचे नाही.

हातमोजा जमिनीवर पडला तर? तो बाजूला ठेवा, दुसरा घ्या. नुसता झटकून चालत नाही. त्याच्या धाग्यांत वाळू अडकलेली असते.

साबण अंगावर वाळू देऊ नका. एक बाजू धुतली की लगेच स्वच्छ पाण्याने काढा.

शेवटचे काम पुसण्याचे. टॉवेल पत्र्यावर अंथरा, वरून हलकेच दाबा, पाणी शोषू द्या, मग उचला. बाळाला न्हाऊ घातल्यावर आपण अंग टिपतो, घासत नाही. तसेच हे. पाणी आपोआप वाळू दिले तर क्षारांचे ठिपके पडतात, म्हणून पुसायचा आळस नको.

पाखराची घाण, झाडाचा चीक

झाडाखाली उभ्या मोटारीवर पाखरे घाण करतात. ती उन्हात वाळली की रोगण खाते आणि कायमचा डाग पडतो. ती दिसली की त्याच दिवशी काढावी. पण खरवडून नव्हे. ओले फडके तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावे. ती मऊ झाली की अलगद उचलून घ्यावी. झाडाचा चीक पडला असेल तर मालकाला दाखवावा. त्याचे औषध वेगळे मिळते.

स्पोर्ट्स कार असेल तर

या मोटारी फार बसक्या असतात. पुढचा भाग जमिनीलगत असतो, म्हणून खडे, डांबर आणि मेलेले किडे तिथे जास्त चिकटतात. तो भाग जास्त वेळ भिजवावा. काही मोटारींचे इंजिन मागे असते, आणि हवा जायला मागे किंवा बाजूला झडपा, जाळ्या असतात. तिथे जोराचे पाणी मारू नये. काहींचे टप कापडाचे असते. ते मऊ ब्रशने हलकेच झाडावे. अशा मोटारींचे पत्रे बहुधा पातळ आणि हलके असतात. त्यांवर टेकू नका, बादली ठेवू नका.

काही मोटारींचा रंग मुळातच बिनचमकीचा असतो. त्याला मॅट रंग म्हणतात. त्याला मेण किंवा पॉलिश लावले, जोरात घासले, तर तिथे चमकता डाग पडतो आणि तो पुन्हा जात नाही. म्हणून नवी मोटार हाती आली की आधी मालकाला विचारावे, "साहेब, हिला काही वेगळं लागतं का?" विचारण्यात लाज नाही. ज्याला विचारता येते, त्याचे काम टिकते.

पाण्याचा हिशोब

रबरी नळी सोडून ठेवली तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जाते. वीस मिनिटांत २०० ते ३०० लिटर झाले. सरकारच्या २०१९ सालच्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी, असे माप धरले आहे. म्हणजे एक मोटार धुण्यात चार-पाच माणसांचे दिवसाचे पाणी गेले! बादल्यांनी आणि झारीने काम केले तर बहुतेक मोटारी पाच-सहा बादल्यांत स्वच्छ होतात. हंड्यासाठी कोसभर चालणाऱ्या आयाबहिणी आपल्या घरातल्याच आहेत. पाणी त्यांना आठवून वापरावे.

आपली वही, आपला आधार

आता शेवटची, पण मोलाची गोष्ट. मोटार धुण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. जुना ओरखडा, पोचा, खपली दिसली तर मालकाला किंवा पहारेकऱ्याला तेव्हाच दाखवा. आणि एका छोट्या वहीत लिहून ठेवा : तारीख, मोटारीचा क्रमांक, ओरखडा कुठे आहे. उद्या कुणी म्हणाले, "हा तूच पाडलास," तर वही पुढे करता येईल. न लिहिणाऱ्याचे बोलणे हवेत विरते. लिहिणाऱ्याच्या हातात पुरावा असतो. त्याच वहीत महिन्याचे पैसे किती ठरले, किती मिळाले, किती राहिले, तेही मांडत जा.

अक्षरओळख कशासाठी करून घ्यायची, असे कुणी विचारतात. ती अशाच कामासाठी, मंडळी.

विचार करा आणि सांगा

१. कोरड्या फडक्याने धूळ का पुसू नये?
२. साध्या पाण्याची दुसरी बादली कशासाठी?
३. मोटार वरून खाली का धुवावी?
४. हातमोजा जमिनीवर पडला तर काय कराल?
५. तुमच्या वहीत आज काय लिहाल? लिहून दाखवा.