पान हे झाडाचे स्वयंपाकघर

जव्हारनजीकच्या शिरपामाळावर इ. स. १६६४ मध्ये, सुरतेच्या स्वारीवर जाताना, छत्रपती शिवाजी महाराजांची व जव्हारचे राजे विक्रमशहा यांची भेट झाली, असे सांगतात. या माळाच्या परिसरातील डोंगरउतारांवर भात, नागली, वरई व खुरासणी ही पिके होतात. रोपे तयार करण्यासाठी ऐनासारख्या झाडांचा टहाळ तोडून, वाळवून राब भाजण्याची येथील चाल फार जुनी आहे. टहाळ तोडण्यापूर्वी झाडाला पान कशासाठी असते, हे समजून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

पानाची रचना

देठ व पाते हे पानाचे मुख्य भाग होत. पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. परंतु शास्त्रदृष्ट्या ती तीन पर्णदले मिळून एकच पान होते. ऐन, साग यांच्या पानांत शिरांचे जाळे असते, तर भात व नागलीच्या पानांत शिरा समांतर धावतात. शिरांतून मुळांनी शोषलेले पाणी पानात येते व तयार अन्न झाडभर जाते. पानावर सूक्ष्म रंध्रे असतात. झाडांच्या पानांत ती बहुधा खालच्या बाजूस, तर भातात दोन्ही बाजूंस आढळतात.

पानाचे कार्य

रंध्रांतून आत आलेला कर्बवायू व मुळांकडील पाणी यांपासून पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करते आणि प्राणवायू बाहेर टाकते. रंध्रांतून पाण्याची वाफही जाते. ग्रामसेवकांनी पानांसह एक डहाळी पारदर्शक पिशवीत बांधून उन्हात ठेवावी. थोड्याच वेळात आत जमलेले थेंब शेतकऱ्यांस दाखविता येतील. उन्हाळ्यात पाणी वाचविण्यासाठीच येथील अनेक झाडे पाने गाळतात. गाळण्यापूर्वी पानातील पोषक द्रव्यांचा बराच भाग ती खोडाकडे परत ओढून घेतात. हिरवा टहाळ तोडल्यास ही शिदोरी झाडाच्या हातची जाते. दरवर्षी असे घडल्यास झाड खुरटते, आणि पुढील वर्षी टहाळ आणण्यास अधिक दूर जावे लागते.

राबाने तण मरते व राख मिळते, हे खरे. परंतु पाल्यातील नत्र जळून हवेत जाते.

काय करावे?

रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. तीतील सिलिका रोपांना मिळते. सिलिकेमुळे भाताचे पान ताठ राहते, त्यावर ऊन चांगले पडते व रोगांस ते सहजी बळी पडत नाही. बांधावर गिरिपुष्प लावावे. त्याची छाटणी केली तरी ते लवकर फुटते. चिखलणीपूर्वी गुंठ्यास ३० किलो हिरवा पाला शेतात पसरून गाडावा, म्हणजे नत्र जमिनीतच राहील. टहाळ तोडणे अपरिहार्य असल्यास शेंडा राखावा, केवळ खालच्या फांद्या घ्याव्यात व त्या झाडास पुढील काही वर्षे विसावा द्यावा.

भात पोटरीत आल्यावर वरची तीन पाने विशेष जपावीत. दाण्यात भरणारे अन्न मुख्यत्वे तीच पुरवितात. कीड व करपा यांपासून या पानांचे रक्षण करणे, म्हणजेच कणगीतील धान्याचे रक्षण करणे होय.